पँट कुठे फाटते ते आधी बघा

ट्रेकिंगची पँट घ्यायला गेलेला माणूस दुकानात सगळ्यांत आधी काय करतो, तर कापड चिमटीत धरून बोटांत चोळतो. "जाड आहे, टिकेल" असं म्हणून मान डोलावतो आणि खरेदी तिथेच संपते. मला या चिमटीचा मनापासून राग आहे. बोटांना जाडी कळते, टिकाऊपणा कळत नाही.

हे मी ठामपणे सांगते, कारण फाटलेल्या पँट्स शेवटी माझ्याकडे येतात. मला शिवणकाम येतं, घरात मशीन आहे आणि ही बातमी आमच्या सगळ्या ग्रुपला आहे. पँट धुऊन आणायची एवढी एकच अट मी घातली आहे. ती कोणीही पाळत नाही. गुडघ्यावर चिखल, खिशात चढताना हाताला लावायच्या खडूची भुकटी आणि वर "उद्यापर्यंत होईल ना गं?" असा निरागस प्रश्न.

तर या पँट्स बघून माझं एक मत तयार झालं. कापड झिजून झिजून आरपार गेलं, अशी पँट क्वचित येते. बहुतेकींची आसनाची शिवण उसवलेली असते. त्याखालोखाल गुडघा, आणि तोही मधोमध कमी वेळा. वाटीच्या जरा खाली, जिथे पाय दुमडल्यावर कापड हाडावर ताणून बसतं, तिथे जास्त. मग बसण्याची जागा, खिशांचे कोपरे, चेनचा रनर आणि घोट्याची आतली बाजू, जिथे एका पायाचा बूट दुसऱ्या पायाच्या कापडाला घासत राहतो. मांड्यांच्या मधलं कापड विरलेलं दिसतं ते मैलोन्‌मैल चालणाऱ्यांचं. म्हणजे पँट सगळीकडून सारखी म्हातारी होत नाही. ती ठरलेल्या पाच-सहा जागी मरते, आणि घेताना बघायचं ते त्याच पाच-सहा जागी.

मध्यंतरी एका मैत्रिणीची पँट आली. जाड, गुळगुळीत नायलॉनची, बाहेरून एकदम दणकट. चढताना तिने पाय कमरेपर्यंत उचलून एका खाचेत ठेवला आणि आसनापाशी वीतभर उसवली. मी ती उलटी करून खिडकीशी धरली. दोरा तुटलेलाच नव्हता! टाके ओळीने जागच्या जागी होते आणि कापडाचे धागे त्या टाक्यांखालून सरकून बाहेर आले होते. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं कापड, जेमतेम अर्धा सेंटीमीटर, तिच्यावर नुसतं ओव्हरलॉक, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेले टाके. वरून दाबून मारलेली दुसरी टीप नाही, काही नाही. एवढं भारी कापड घेऊन ते इतक्या कंजूष शिवणीवर लटकवलं होतं. गुळगुळीत धाग्याच्या कापडाला हा रोग असतोच, कारण धागे एकमेकांना धरून राहत नाहीत. तिथे माया भरपूर आणि शिवण दुमडून दोन टिपांची हवी.

ही परीक्षा दुकानातही करता येते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून कापड हळूच बाहेर ओढायचं. टाक्यांच्या कडेला धागे विरळ होऊन उजेड दिसायला लागला, तर पँट परत घडी करून ठेवावी. मग आतून बघावं. जीन्सच्या मांडीला आतून जशी दुमडलेली, दोन समांतर टिपांची शिवण असते, तशी आसनाला आणि मांडीच्या आत असेल तर उत्तम. तिच्यात कापडाच्या कडा आत बंद होतात, त्यामुळे उसवायला सुरुवातच सापडत नाही. एका टिपेची असेल तर निदान माया तरी बघा. खिशाच्या तोंडाशी, चेनच्या खालच्या टोकाला आणि पट्ट्याच्या लूपवर दाट आडवे टाके घातलेले असतात, ते मोजायची गरज नाही; आहेत की नाहीत एवढं बघितलं तरी पुष्कळ.

आता आसनाबद्दल सविस्तर, कारण खरा जीव तिथे आहे. साध्या पँटमधे पुढची शिवण, मागची शिवण आणि दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी, अशा चारही एकाच बिंदूवर येऊन मिळतात. पाय फाकवला की सगळा ताण नेमका त्या बिंदूवर जातो. यावरचा उपाय फार जुना आहे: त्या जागी वेगळा तुकडा जोडायचा, हिऱ्याच्या आकाराचा किंवा लांबट. गसेट म्हणतात तो हाच. त्याने दोन गोष्टी होतात. पाय उचलायला कापड मिळतं, आणि चार शिवणींचा चौक मोडून त्या चार वेगळ्या ठिकाणी पांगतात. गिर्यारोहकांमधे ही युक्ती रुळवण्याचं बरंचसं श्रेय माईक ग्रॅहम या अमेरिकन क्लाइंबरला जातं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या कड्यांवर वाढलेला हा माणूस. त्याने १९८२ मधे ग्रामिची नावाची कंपनी काढली आणि गसेट असलेल्या, कमरेत पट्टा ओवलेल्या ढगळ पँट्स विकायला सुरुवात केली. आज कुठलीही क्लाइंबिंग पँट उलटी करून बघा, तो तुकडा दिसेल. दिसला नाही, तर ती क्लाइंबिंगची पँट नाही, लेबलवर काहीही छापलेलं असो.

गुडघ्याचंही तसंच. सरळ नळीसारखा शिवलेला पाय उभं राहिल्यावर छान दिसतो, पण आपण डोंगरात उभे किती वेळ असतो? गुडघा वाकवला की पुढे कापड कमी पडतं, मागे चुण्या पडतात. म्हणून चांगल्या पँटमधे गुडघ्यावर छोट्या चिमट्या घेऊन किंवा वेगळा तुकडा लावून पाय शिवतानाच थोडा वाकवलेला असतो. टेबलावर पसरली की अशी पँट जराशी वाकडी पडते. ती वाकडी पडली पाहिजे.

इथे मला माझा मुद्दा सांगता येतो, ज्यावरून माझे आमच्या ग्रुपमधे वाद होतात. मापात बसणं हाच टिकाऊपणा आहे. कापड ताणलेलं असताना खडक लागला तर तो कापतो. सैल असताना लागला तर कापड घडी होऊन बाजूला सरतं आणि नुसतं खरचटतं. तेच कापड, तोच खडक. गुडघ्यात आवळणारी जाड पँट आणि गुडघ्यात मोकळी पातळ पँट अशा दोन समोर ठेवल्या तर मी डोळे मिटून पातळ घेईन. जाड कापड ताठ असतं, ताठ कापड वाकायला कुरकुर करतं, आणि मग सगळा भार शिवणीवर जातो. त्या बिचाऱ्या नायलॉनच्या पँटचं हेच झालं.

म्हणून ट्रायल रूममधे आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. खोल उकिडवं बसा. मांडी घाला. एक पाय बाकावर, जमलं तर त्याहून उंच ठेवा आणि त्या पायावर भार टाकून वर चढा. गुडघा छातीला लावा. प्रत्येक वेळी तीन ठिकाणी लक्ष ठेवा: आसनाला ओढ बसते का, मागून कंबर खाली घसरते का, आणि खालची कड घोट्यावरून किती वर जाते. हे करताना बाहेर रांगेतले लोक दारावर टकटक करतात. करू द्यावी.

कापडाकडे मी मुद्दाम उशिरा येते आहे.

बाजारात तुम्हाला मुख्यतः तीन नावं दिसतील: नायलॉन, पॉलिएस्टर आणि सुती. नायलॉन १९३५ मधे ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या चमूने पहिल्यांदा बनवलं, पॉलिएस्टरचा धागा १९४१ मधे इंग्लंडमधे आला. घासण्याच्या बाबतीत नायलॉन सरस, याबद्दल फारसं दुमत नाही. त्याचे धागे चिवट असतात, घासले की लगेच तुटत नाहीत. पॉलिएस्टर उन्हात जास्त तग धरतं आणि पाणी जवळजवळ पीतच नाही. साधारण दमट हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरून ठेवतो, नायलॉन ४ टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हे नुसत्या हवेतलं. पावसात भिजलं की सुती कापड जे पाणी पोटात घेतं ते वेगळंच, आणि ते तासन्‌तास सोडत नाही.

म्हणून "जीन्स चालेल का?" या प्रश्नाचं माझं उत्तर हवामानावर ठरतं. जीन्सचं कापड साधारण ४०० जीएसएमचं, म्हणजे एका चौरस मीटरला ४०० ग्रॅम. ट्रेकिंगच्या मधल्या वजनाच्या पँटच्या दुप्पट. कोरड्या हवेत, गाडीपासून जवळ असलेल्या बोल्डरवर, म्हणजे मोठ्या धोंड्यावर, दिवसभर चढ-उतर करायची असेल, तर जीन्ससारखी गोष्ट नाही. खडकावर रगडली तरी हूं का चूं करत नाही. शेकोटीची ठिणगी उडाली तर सुती कापड पटकन दाद देत नाही, नायलॉनला मात्र लगेच गोल भोक पडतं, कारण ते जळायच्या आधी वितळतं. पण लांबच्या चालीत पाऊस गाठणार असेल, वर वारा असेल, तर भिजलेली जीन्स पायाला चिकटते, मांड्या सोलवटते आणि अंगातली ऊब ओढून घेते. थंडीत ते नुसतं गैरसोयीचं राहत नाही, धोक्याचं होतं.

सुती आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेलं कापडही मिळतं. स्वीडनच्या फ्याल्रेवन कंपनीचं जी-१००० हे त्यातलं प्रसिद्ध, ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुती. त्यावर मेण घासून इस्त्रीने मुरवायचं, की पाणी आणि वारा अडतो. उन्हाळ्यात धुऊन मेण काढून टाकायचं. झाडाझुडपांतून चालणाऱ्यांना हे कापड फार आवडतं, कारण काटा त्यात अडकला तरी धागा ओढला जात नाही. मला चढाईसाठी ते ताठ वाटतं. पण कापडाला अशी निगा लागते आणि ती करायला मजा येते, हे मान्य.

कापडाच्या चिठ्ठीवर डेनियर नावाचा आकडा असतो. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितकं डेनियर. जितका आकडा मोठा तितका धागा जाड. पण तेवढ्यावर भाळू नका. जाड धागा विरळ विणला तर कापड कमकुवत, बारीक धागा दाट विणला तर चिवट. कापड उजेडासमोर धरा, जाळी दिसते का बघा. मग नखाने पृष्ठभागावर हलकेच ओरखडा काढा. धागा वर उचलला गेला, तर पहिल्याच काटेरी झुडपात तो ओढला जाणार.

आणखी एक घोळ निस्तरायला हवा. घासून झिजणं आणि फाटत जाणं या दोन वेगळ्या व्याधी आहेत, आणि एकीवरचं औषध दुसरीला चालतंच असं नाही. प्रयोगशाळेत झीज मोजायला मार्टिनडेल नावाचं यंत्र वापरतात. ते कापडाचा गोल तुकडा ठरावीक दाबाखाली लोकरीच्या कापडावर फिरवत राहतं आणि किती फेऱ्यांत धागे तुटतात ते मोजतं. फाटण्याची ताकद मोजायला कापडाला आधी चीर देतात आणि लंबकाच्या झोक्याने ती पुढे फाडतात. रिपस्टॉप कापड या दुसऱ्या दुखण्यावरचा इलाज आहे. त्यात थोड्या-थोड्या अंतरावर जाड धागे उभे-आडवे घातलेले असतात, बारीक चौकटी दिसतात. भोक पडलं तर ते चौकटीच्या कडेपाशी थांबतं. मात्र खडकावर घासण्याने होणारी झीज या चौकटींनी थांबत नाही. पातळ रिपस्टॉपची पँट घालून स्लॅबवरून, म्हणजे उतरत्या सपाट खडकावरून, बसत-बसत खाली सरकलेला एक मित्र आहे. त्याच्या पँटच्या चौकटी शाबूत होत्या. चौकटींच्या आतलं कापड गेलं होतं. मशीनवर घेताना हसू आवरेना.

स्ट्रेचबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. इलास्टेन, स्पँडेक्स, लायक्रा, सगळं एकच. १९५८ मधे ड्यूपाँच्याच जोसेफ शिव्हर्सने शोधलेला रबरासारखा ताणला जाणारा धागा. कापडात दोन-पाच टक्के असला तरी पाय उचलताना जाणवतो, आणि वर मी जो ताणाचा मुद्दा मांडला त्याला हे थेट उत्तर आहे. पण पँटमधला सगळ्यांत अल्पायुषी धागाही हाच. उष्णता, क्लोरीनचं ब्लीच, पुन्हापुन्हा कडक वाळवणं, यांनी तो मरत जातो. मग गुडघ्यांवर पिशव्या लोंबायला लागतात, बसायच्या जागी कापड लुळं पडतं. बाकी पँट धडधाकट, आणि आकार गेलेला. माझा हिशेब असा: ज्या पँटला गसेट आणि वाकवलेला गुडघा आहे, तिला दोन-तीन टक्के इलास्टेन पुरे. ज्या पँटमधे दहा टक्क्यांच्या वर इलास्टेन घातलंय, तिथे मला शंका येते, की कापणीतला आळस स्ट्रेचने झाकलाय का? काही कापडं इलास्टेनशिवाय ताणली जातात. त्यांचा धागाच आधी कुरळा केलेला असतो. ताण कमी मिळतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. मला ती जास्त आवडतात.

चालायची आणि चढायची पँट एकच असावी का, हे नेहमी विचारलं जातं. बहुतेकांना एकच परवडते आणि एकच पुरते. पण चढाई होणार असेल, तर हार्नेस, म्हणजे दोराला बांधून घ्यायचा कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, सोबत घेऊन जा आणि पँटवर चढवून बघा. दुकानदार वेड्यात काढेल, काढू दे. हार्नेसच्या पट्ट्याखाली पँटचा पट्टा, त्याचं बक्कल, जाड लूप, धातूचं बटण, रिव्हेट असं काय काय येतं, ते दोरावर लटकल्यावर कमरेला कळतं. वर पाठीवर सॅक असेल तर तिचाही पट्टा त्याच जागी बसतो. कमरेला सपाट इलास्टिक किंवा आतून ओवलेली नाडी असली की हा प्रश्न मिटतो. नेहमीचे बाजूचे खिसे हार्नेसखाली गाडले जातात, त्यांत हात जात नाही. मांडीवर जरा खाली, चेन असलेला एक खिसा हवा. खिशाची आतली पिशवी जाळीची असेल तर हवा खेळते, पण त्यात किल्ली ठेवलीत की जाळी गेली. खिसे फाटतात ते असे आतून.

बायकांच्या पँट्सबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण पुरुष मंडळी हे लिहीत नाहीत. उंच कंबरेची पँट सॅकच्या पट्ट्याखाली सुखाची असते, घसरत नाही. पण तीच हार्नेसच्या पट्ट्याखाली अडकून बसते. भिंतीवर अर्ध्यात लघवीला जायची वेळ आली, तर हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्यांना मागे जोडणारी इलास्टिक सोडवता येते, कमरेचा पट्टा तसाच ठेवून. मात्र पँट त्या पट्ट्याच्या खालून निघाली पाहिजे. म्हणून मी पुढून मध्यम आणि मागून जराशी उंच अशी कंबर बघते, आणि ट्रायल रूममधे हेही करून बघते. खिशांची रड तर सर्वांना ठाऊक आहे. त्याच कंपनीची तीच पँट पुरुषांसाठी असेल तर फोन मावतो, बायकांसाठी असेल तर लिपबाम. अंगाला बसत असेल तर सरळ पुरुषांची घ्या. माझ्या दोन मैत्रिणी तेच करतात आणि कमरेत मी चिमट्या घेऊन देते.

खालच्या घेराकडे कोणी बघत नाही. चढताना पायाचा चवडा दिसला पाहिजे. घेर मोठा असेल तर कापड बुटावर येतं आणि नेमकं ज्या बारीक कडेवर पाय ठेवायचाय तीच झाकली जाते. घोट्याशी नाडी, बटण किंवा इलास्टिक असलं की पँट पोटरीपर्यंत वर करून ठेवता येते. बर्फात क्रँपॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, घालणार असाल तर घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचं ठिगळ आधीच शिवलेलं असावं, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाची पँट फाडतात आणि कधीकधी माणसालाच पाडतात.

गुडघ्यावर चेन लावून हाफ पँट होणाऱ्या पँट्सवर माझा जुना राग आहे. पायाचा सगळ्यांत जास्त वाकणारा भाग तो, आणि तिथेच गोलाकार चेन, दोन शिवणी आणि एक झाकपट्टी. गुडघा टेकून चढायचं म्हटलं तर दात हाडात घुसतात. नदीनाले ओलांडत चालणाऱ्यांना सोयीच्या वाटतात हे मी ऐकून आहे. पाय गुंडाळून वर घ्या की.

पाणी न धरणाऱ्या लेपाबद्दल थोडक्यात. नव्या पँटवर थेंब मोत्यासारखे उभे राहतात, ते कापडामुळे नसतं, वर दिलेल्या लेपामुळे असतं. तो घासून आणि मळून जातो, तेव्हा त्यासाठी जास्त मोजू नका. पूर्वी हे लेप फ्लोरीनयुक्त रसायनांचे असत. ती निसर्गात विघटित होत नाहीत म्हणून आता त्यांच्यावर बंधनं येताहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अशा रसायनांचे नवे कपडे विकायला बंदी आहे, अतिपावसाळी हवेसाठीच्या खास कपड्यांना थोडी सवलत सोडून. नवे फ्लोरीनमुक्त लेप पाणी ठीकठाक अडवतात, तेलकट डाग मात्र तितकेसे अडवत नाहीत. थेंब उभे राहायचे थांबले, की पँट धुऊन मंद आचेच्या इस्त्रीने वरून पातळ कापड ठेवून शेकावी. पुष्कळदा तेवढ्यानेच लेप जागा होतो.

आणि धुवा हो पँट. "जास्त धुतली तर विरते" असं म्हणून महिना-महिना न धुणारे लोक मला माहीत आहेत. कापडात अडकलेली बारीक वाळू आणि खडकाची पूड प्रत्येक पावलाला धाग्यांच्या मधे सँडपेपर फिरवत असते. उलटी करून, चेन आणि हुक बंद करून, थंड पाण्यात धुवावी. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, त्याचा थर कापडावर बसतो आणि लेपाची वाट लागते. वाळत सावलीत घालावी, नायलॉनला ऊन मानवत नाही.

चेन मिटते पण मागून उघडत जाते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी पक्कड देते. दात सहसा शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. त्याच्या मागच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या हाताने दाबल्या की तो पुन्हा दात धरतो. जोर लावलात तर तुटेल, मग नवा रनर घालावा लागेल. तोही फार अवघड नाही, फक्त जुन्या रनरच्या मागे छापलेला आकडा बघून त्याच मापाचा आणायचा. म्हणून घेताना मी चेनला जाडसर दात आहेत ना हे बघते, आणि चेनच्या पट्टीला दोन्हीकडून टीप आहे ना हेही.

भोक पडलंच, तर ते वाढायच्या आत थांबवा. वाटेत असाल तर आतून-बाहेरून चिकटपट्टी लावा, तिचे कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा पहिल्याच घर्षणात उचलला जातो. घरी आल्यावर ठिगळ आतून लावा, भोकाच्या चारी बाजूंना दोन बोटं जास्त, आणि पँट स्ट्रेचची असेल तर ठिगळही स्ट्रेचचं. टीप नागमोडी मारा. सरळ टीप ताणली की तुटते. ठिगळाची कड गुडघ्याच्या नेमक्या वाकावर येऊ देऊ नका, वर किंवा खाली सरकवा. टेलरकडे देणार असाल तर हे सगळं त्याला सांगून द्या, नाहीतर तो तुमची क्लाइंबिंगची पँट ऑफिसच्या पँटसारखी सुबक, सरळ टिपेने शिवून देईल आणि ती पुढच्याच रविवारी माझ्याकडे येईल. न धुता.